हो म्हणून टाक

७ जानेवारी १९७८, शनिवार

ह्यांच्या नावाने पत्र आलं. ह्यांना जाऊन सत्त्याण्णव दिवस झाले, पोस्टाला कुठे माहीत. शमीमने शाळेतून येताना इब्राहिममामूंच्या दुकानातून आणलं. आमचं सगळं टपाल तिथेच येतं.

अक्षर मोठं, पाटीवर काढल्यासारखं. पाठवणारी सौ. सुनंदा सहदेव पड्याल, गुहागरकडची.

"तर्जुमानभाईंना नमस्कार. तुम्ही ह्यांना सांगितलंत, काझीसमोर हो म्हण, सही कर, पंधरा दिवसांत घरी. आठ महिने झाले. ह्यांच्या हत्यारांना मी तेल लावून ठेवते, गंज चढू देत नाही. कधी पाठवता तेवढं कळवा. विचारलं म्हणून राग नसावा."

राग नसावा म्हणते.

पत्र तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. शमीमने विचारलं, "किसका है अम्मी?" म्हटलं, गावची खुशाली. मुलीला मराठी वाचता येत नाही ते आज बरं वाटलं. आई म्हणून काय बरं वाटून घेतलं मी.

९ जाने., सोमवार

काल वही उघडली नाही. शमीमच्या भूगोलाच्या वहीची उरलेली पानं आहेत, फुकट घालवायची नाहीत म्हणून लिहायला लागले होते. आता हे लिहायचं तर हात जड होतो.

हे इथल्या अरबी कोर्टात तर्जुमान, म्हणजे दुभाषे. चौदा वर्षं. आपल्याकडचा कुणी अडकला, म्हणजे इकामा, राहण्याचा परवाना, संपला, जामीन राहिलेला कफील सोडून दुसरीकडे कामाला लागला, फोरमनच्या थोबाडीत दिली, की ह्यांना बोलावणं. काझी अरबीत विचारणार, हे मराठीत किंवा हिंदीत सांगणार, माणसाचं उत्तर पुन्हा अरबीत. पण कोर्टात जायच्या आधी हे त्या माणसाला बाजूला घ्यायचे. "हो म्हणून टाक. नाही म्हणालास तर तारखा पडत राहतील, वर्षभर आत सडशील. हो म्हणालास की खलास. पुढच्या बोटीने घरी."

आणि तसंच व्हायचं. किती माणसं गेली. जायच्या आधी आमच्याकडे जेवून जायची, ह्यांचे हात धरून रडायची. ह्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. ते खरं आहे, ते लिहून ठेवते.

सहदेव बंदरावर सुतार, शटरिंगचा. चाळिशीचा असेल. गोदामातून तांब्याच्या तारेची वेटोळी गेली. त्या दिवशी कुलपाची किल्ली ह्याच्याकडे होती. मामूंच्या हमीवर एक दिवसासाठी सुटून आला तो आमच्याकडे जेवायला बसला. घास तोंडात जाईना. म्हणत होता, "भाई, मी घेतलीच नाय तर हो कसा म्हणू?"

हे नेहमीसारखं सांगत राहिले. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी भात वाढत होते. मला त्याच्याबद्दल काय माहीत होतं? काही नाही. तरी बोलले. "सहदेवभाऊ, भाई सांगतात तसं करा. इतकी माणसं सुखरूप घरी गेली. हो म्हणून टाका."

"वैनी म्हणतात तर," म्हणाला आणि जेवला. दोनदा भात घेतला.

चोरीचा मामला वेगळा असतो हे ह्यांना कळलं नाही. तोवर चोरीचं कधी ह्यांच्याकडे आलंच नव्हतं. कुलपातल्या मालाची चोरी, आणि स्वतःच्या तोंडचा कबुलीजबाब. जुलैत निकाल लागला. उजवा हात तोडायचा, वरच्या कोर्टाचा शिक्का बसला की.

त्या दिवशी हे आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "मी त्याचं उत्तर सांगितलं की माझं, मलाच आता..." मग एकदाच, "कुणाजवळ बोलू नकोस. चौदा वर्षांचं सगळं..."

ऑक्टोबरात गेले. डॉक्टर म्हणाले हृदय.

१३ जाने., शुक्रवार

सकाळी उम्म सालेहचे गुडघे चोळून दिले. त्या काझीसाहेबांच्या बायको. आम्ही नऊ वर्षं त्यांच्याच आवारातल्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. मी त्यांचं शिवण-टिपण करते, गुडघे बघते. ह्यांच्यानंतर आमच्या इकाम्यावर कफील म्हणून का. सा. नीच सही केली. नाहीतर शमीम आणि मी ऑक्टोबरातच परत गेलो असतो, शाळा अर्धी टाकून.

का. सा. वरच्या कोर्टात. खालच्या काझीचे निकाल तिथे जातात. तिघे बसतात, कागद बघतात, शिक्का मारतात किंवा परत पाठवतात. माणूस समोर येत नाही, फक्त कागद.

उम्म सालेह आज खुशीत. नवऱ्याच्या गोष्टी सांगत होत्या. "माझ्या म्हाताऱ्याला बाविसाव्या वर्षी काझी केलं. उत्तरेला, जिथे झाडसुद्धा चुकून उगवतं. मशिदीच्या अंगणात बसून न्याय. दोन भाऊ विहिरीवरून भांडत आले, एक म्हणतो माझ्या बाजूला झरा, दुसरा म्हणतो माझ्या. हा म्हणाला, साक्षीदार नकोत, मी बघतो. दोर बांधून स्वतः उतरला खाली!"

"मग?"

"मग काय, वरती दोघे भाऊ पुन्हा भांडायला लागले. दोर धरायचा कोणी? जोहरच्या, दुपारच्या नमाजापर्यंत विहिरीत! मी नवी नवरी, पोळ्या करून वाट बघतेय." हसून हसून खोकला आला त्यांना.

मग म्हणाल्या, लग्नाला चाळीस वर्षं झाली, घरात एकदाही कोर्टाचा शब्द नाही. सख्खा दीर आला होता एकदा कुणाची तरी बाजू सांगायला. तोंड उघडलं मात्र, का. सा. नी चपला घालायला सुरुवात केली. उजवी, मग डावी. आणि निघून गेले, स्वतःच्या घरातून! दीर जाईपर्यंत रस्त्यावर उभे.

मी हसले नाही. बाईंनी विचारलं पोट दुखतंय का.

२० जाने., शुक्रवार

मामू आले होते, माझे सख्खे मामा, अझीझियात कापडाचं दुकान. दर पंधरा दिवसांनी तुरुंगात सहदेवला डबा नेतात. पत्राचं त्यांना सांगितलं. ते दाराबाहेर पायरीवर बसले, मी आत.

"खदी, त्याचा कागद वर गेला. तुझ्या काझीकडंच."

"कसा आहे तो?"

"लाकडाचे चमचे करतो आत. चाकू देत नाहीत, काचेनं घासून करतो. मला एक दिला." मग आवाज खाली आणून, "विचारीत होता, वैनी बऱ्या हायत ना."

मामू म्हणाले, "तू गप ऱ्हा. जावयाचं नाव हाय ह्या शहरात. मय्यतीला दोनशे माणूस होतं. आन काझी उठून म्हणाला, चला खदीजाबाई, घरी जा, तर पोरीचं काय? इंग्लिश शिकतेय ती, गावात जाऊन कोलंब्या सोलील?"

"आणि त्याचा हात?"

मामू उठले. "तू इद्दतीत हायस. बाहेर पडता येत नाही. तुझ्यावर कसला बोजा नाही."

तेच मी मनाशी धरून बसले आहे. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरात. बाकी सगळं जग चालू, मला सुट्टी. पण इद्दतीतसुद्धा अगदी गरज पडली तर बाई बाहेर जाऊ शकते, ते मला माहीत आहे. ह्यांनी आणलेल्या पुस्तकात मी स्वतः वाचलं आहे. बोट ठेवून वाचलं आहे.

२६ जाने., गुरुवार

आज का. सा. आले. पडद्यापलीकडून बोलतात. नऊ वर्षांत मी त्यांचा चेहरा नीट पाहिलेला नाही, पण पडद्याखालून पाय रोज दिसतात. डाव्या पायाचा अंगठा वाकडा, टाचा भेगाळलेल्या, जाड चामड्याच्या चपला. दिसतं कमी, म्हणून पाऊल टाकायच्या आधी चपलेने जमीन चाचपतात.

"उम्म शमीम, पीठ-तांदूळ आहे? मुलीची शाळा?"

"आहे शेख. अल्लाची मेहेरबानी."

जायला वळले. माझ्या तोंडून निघालंच. माझी अरबी अशीतशीच, बाजारात आणि मासे बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर शिकलेली. "शेख, एका माणसाचा कागद तुमच्याकडे..."

पाय थांबले. दाराशी चपला काढलेल्या होत्या. उजवा पाय पुढे आला, चपल चाचपली, आत गेला. मग डावा.

"...कागद नाही शेख. चूक झाली. शमीमच्या शाळेचा कागद."

पाय तसेच उभे राहिले थोडे. मग गेले. आणि माझा जीव भांड्यात पडला, तेही लिहिते.

७ फेब्रु., मंगळवार

इद्दत संपली. आंघोळ केली, पांढरे कपडे उतरवले. उम्म सालेहनी अत्तर लावलं, जवळ घेतलं. म्हणाल्या, जा, जरा हवा खाऊन ये.

मामूंबरोबर बाहेर पडले. रस्ता ओळखू येईना. जिथे मोकळं मैदान होतं तिथे तीन इमारती उभ्या, त्यांच्यावर आपलीच माणसं बांबूला लटकलेली. कोर्टाच्या रस्त्यावरून गाडी गेली. मामूंनी माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिले.

मासळीबाजारात गेले. सुरमई घेतली. सव्वाशे दिवसांची सबब संपली त्या दिवशी मी काय केलं, तर सुरमई घेतली.

११ फेब्रु., शनिवार

उम्म सालेह ह्यांच्याबद्दल बोलत होत्या. वर जायच्या आधी का. सा. सहा वर्षं खालच्या कोर्टात होते, परदेशी माणसांचे मामले त्यांच्याकडे. तेव्हा हे त्यांच्या शेजारी उभे. का. सा. ची नजर तेव्हाच जायला लागलेली. माणसाचा चेहरा दिसायचा नाही, आवाजावरून ओळखायचे, पण आपल्या लोकांची भाषा कळायची नाही. म्हणजे शेवटी आवाज ह्यांचाच.

"घरी कोर्टाचा शब्द नाही म्हटलं ना मी तुला? एकदाच बोलला. तुम्ही राहायला आलात तेव्हा. म्हणाला, हा हिंदी माझे डोळे आहे."

मी तेलाची बाटली घेऊन उठले. झाकण लागेना.

रात्रंदिवस वाटायचं, एका सहदेवचं कसं करू. आज पहिल्यांदा मनात आलं की बाकीचे? खरंच केलं होतं त्यांनी सगळ्यांनी? आम्ही कधी विचारलंच नाही. घरी जातायत ना, मग झालं.

१८ फेब्रु., शनिवार

सुनंदाचं दुसरं पत्र. ह्या वेळी माझ्या नावाने. ह्यांचं कुणीतरी कळवलं असणार.

"भाई गेले ते कळलं, वाईट वाटलं. वैनी, तुम्हीही माझ्यासारख्याच आता, म्हणून विचारते. बंदरावरून कुणी परत आला, तो ह्यांच्या हाताचं काही सांगत होता. खरं आहे का तेवढंच लिहा. खोटं असलं तर लिहू नका, टपालाचा खर्च नको. पत्र आलं नाही तर मी समजेन खोटं."

चार वेळा वाचलं. मी काही केलं नाही तर ती सुखात राहील, असं तिने करून ठेवलंय.

मामूंना निरोप पाठवला. सोमवारी सकाळी गाडी घेऊन या. मासळीबाजारात जायचं नाही.

२० फेब्रु., सोमवार

मामू सगळा रस्ता कुरकुरत होते. "जावयाच्या कबरीवरची माती अजून ओली हाय." मी म्हटलं, "मामू, इथे माती ओली राहते कधी?"

कोर्टात आधी एका कारकुनाकडे. म्हणाला, इथे बायका बोलत नाहीत, कागद बोलतात. अर्ज आणा. मी अर्ज नेला होता. स्वतः लिहिलेला, तीन संध्याकाळी बसून. अरबीत. त्याने वाचला, हसला, "हे लहान मुलाने लिहिलंय का?" मग पुन्हा वाचला आणि हसायचा थांबला. आत घेऊन गेला.

आत तिघे. मधले का. सा. असणार हे चपलांवरून कळलं. चेहरा बघून धक्का बसला, इतका म्हातारा. डोळे दुधासारखे. नव्या तर्जुमानाला बोलावत होते, मी म्हटलं, "नको. मधे कुणी नको. मीच बोलते."

आवाज ऐकला आणि का. सा. नी मान वर केली. ओळखलं.

काय बोलले ते लिहून ठेवते, उद्या मी दुसरंच आठवेन. म्हटलं, त्या माणसाने आमच्या घरी म्हटलं होतं, मी घेतली नाही. माझ्या नवऱ्याने सांगितलं हो म्हण, घरी जाशील. मीही सांगितलं. त्याने आमचं ऐकलं.

शेजारच्या काझींनी विचारलं, "तू तिथे काय करत होतीस?"

"भात वाढत होते."

कुणी हसलं नाही. का. सा. नी समोरचा कागद बाजूला सारला. मग हळू विचारलं, "तुझ्या नवऱ्याने असं ह्या एकालाच सांगितलं?"

खोलीत पंखा फिरत होता. दाराशी मामू. मला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. घरी जायचं होतं.

"हो," म्हटलं. "एकालाच."

कारकुनाने लिहून घेतलं. सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. केली.

२१ फेब्रु.

एकालाच.

मामू खूश आहेत. "जावयाची एक चूक, माणूस हाय, झाली. नाव राहिलं."

२ मार्च, गुरुवार

का. सा. नी त्या कागदावरून स्वतःचं नाव काढून घेतलं. बाई माझ्या घरात राहते, म्हणाले, मी ह्यात बसणार नाही. आता बाकीचे बघतील. कागद खाली परत जाणार आहे, सहदेवला पुन्हा विचारणार, दुसरा तर्जुमान लावून. तो आता काय म्हणेल? इतके दिवस आत राहून नाही म्हणायची हिंमत उरली असेल? मामूंना सांगितलं, डबा न्याल तेव्हा त्याला एवढंच सांगा, खरं असेल ते बोल. त्यापुढे एक शब्द सांगू नका. काय बोल ते सांगू नका.

उम्म सालेहना सगळं कळलंय. गुडघे पुढे केले. शेवटी म्हणाल्या, "घरात बोलली नाहीस ते बरं केलंस. आता घरात कुणीच बोलत नाही." मग, "तो जेवत नाहीये. नातवाला बसवून जुने निकाल वाचून घेतोय. स्वतःचेच."

सुनंदाला काय लिहू? खरं आहे पण अजून झालेलं नाही, असं लिहायचं? पत्र गेलं नाही तर ती हत्यारांना तेल लावत बसणार.

शमीमला आज सांगितलं. सगळं. तिने ऐकून घेतलं. विचारलं, "अब्बू को पता था कि वो सच बोल रहा है?" म्हटलं, माहीत नाही, आम्ही विचारलं नाही. म्हणाली, "पूछना चाहिए था ना, अम्मी." आणि गृहपाठ करायला बसली.

पूछना चाहिए था.

६ मार्च, सोमवार

असरच्या नमाजानंतर पडद्यापलीकडे पाय आले. नेहमी चपला दाराशी काढतात. आज घालूनच आत आले होते, घाईत असतील. वाटलं, खोल्या रिकाम्या करा म्हणणार. त्याची तयारी मी केली होती, पेटीतले कपडे घडी करून ठेवले होते.

उजव्या पायाने डावी चपल काढली. मग दुसरी. वाकून दोन्ही उचलल्या, हाताने चाचपत भिंतीशी नेऊन ठेवल्या. अनवाणी परत येऊन पडद्यासमोर उभे राहिले.

"उम्म शमीम. किती?"

मी पेटीचं झाकण लावलं.

"सहा वर्षं मी तिथे बसलो होतो," म्हणाले. "मला दिसत नव्हतं. तुला दिसत होतं. ते तुझ्या घरी जेवायला यायचे. किती?"

"आठवावं लागेल, शेख."

"आठव."

"त्यांचं नाव..." ह्यांचं म्हणायचं होतं मला.

"माझंही," म्हणाले. गेले नाहीत लगेच. मग भिंतीशी जाऊन चपला शोधायला लागले. सापडेनात. मला पडद्याखालून दिसत होत्या, त्यांच्या हातापासून वीतभर. सरकवून द्याव्या की नाही कळेना. शेवटी सरकवल्या.

ते गेल्यापासून वही घेऊन बसले आहे. शमीम शेजारी अभ्यास करतेय. आत्तापर्यंत अकरा नावं झाली. हसन, दाभोळचा. मोरे, वेल्डर. दोघे भाऊ श्रीवर्धनचे, मारामारीत धरलेले, धाकटा सारखा म्हणायचा मी तिथे नव्हतोच. अब्दुल्ला, जो जाताना शमीमसाठी बाहुली ठेवून गेला. ह्यातल्या कुणाला फटके बसले होते, कुणाला नाही, तेही आठवून पुढे लिहितेय. बसले होते. घरी जाण्याआधी बसायचे काहींना. आम्ही त्याला किरकोळ म्हणायचो.

ही पानं द्यायची की फाडायची, अजून ठरत नाही.

बारावा उंच होता, गुहागरचाच. आमटीत लिंबू पिळून मागायचा. त्याचं नाव आठवत नाही.